आचमनाची पळी आणि टू-स्ट्रोकचा भाव

अमरावतीत नवी मोटरसायकल घ्यावी आणि तिची पूजा आमच्या मामेसासऱ्यांकडून करून घ्यावी, यासारखं आपल्या हातानं ओढवून घेतलेलं संकट दुसरं नाही. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला घटस्फोटाचा वकील बोलावावा, तसला तो प्रकार. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. राजापेठेत राहतात, पिढीजात भिक्षुकी करतात आणि मंत्र इतके स्वच्छ म्हणतात की हार घालून उभी असलेली गाडीसुद्धा ऐकते आहे असं वाटावं. टाकीवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात, आणि यजमान कृतार्थ होऊन वाकत असतानाच विचारतात, "फोर-स्ट्रोक घेतली काय बावा? बरं केलं. आता विकतानी रडजो." एका प्राध्यापिकाबाईंनी तर संतापून त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडाच काढून घेतला होता. मामा शांतपणे म्हणाले, "पेढे घ्या वापस. पण मी बोललो ते कसं वापस घेसान?" तरी लोक त्यांनाच बोलावतात, कारण मुहूर्त मात्र ते चोख काढतात.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीचा विकताना भाव पडत नाही, नव्या फोर-स्ट्रोकचा पडतो, हे त्यांचं ठाम मत, आणि या विषयातला त्यांचा अधिकार पुस्तकी नाही. त्यांच्याकडे स्वतःची टू-स्ट्रोक आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे. चिखलातल्या शर्यती खेळणाऱ्या एका पुतण्यानं जुनी मोटरसायकल उंच करून, जाड खाचांचे टायर बसवून तिची डर्ट बाईक केली आणि नोकरी लागल्यावर काकांच्या अंगणात सोडून दिली. तेव्हापासून पीतांबराचा काचा मारून, पाठीला पोथ्यांची थैली बांधून मामा त्या घोड्यावरून सत्यनारायणाला जाऊ लागले. पावसाळ्यात आमच्या वऱ्हाडातली काळी माती माणसाची चप्पल ठेवून घेते, तिथं हे शेतावावरांतून सरळ यजमानाच्या दारात. मागे निळा धूर, पुढे कुत्री. गावात कुणाला घड्याळ बघायची गरज पडत नसे. आवाज आला की बायका चौरंग मांडायला घेत.

मी अकोल्याला वकिली करतो. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडला आहे, पण या विषयात मामांपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. एकदा म्हणालो, "मामा, फोर-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं, धूर नाही, गिऱ्हाईकही जास्त." झालं! मामांनी जेवता जेवता भाताचं इंजिन केलं आणि वरणाचं पेट्रोल. "जवाईबापू, फोर-स्ट्रोक म्हंजे मोठ्या घरचा जवाई. येते तवा थाट पाहून घ्या. पण एकडाव का आजारी पडला, का त्याचे वॉल्व्ह काढा, त्याचा कॅम काढा, त्याची चेन काढा, वावर विकाची पाळी! जुनी गाडी घेणारा भिते ते त्यालेच. अन टू-स्ट्रोक म्हंजे भाचा. बोंबलते, धूर सोडते, पण पिस्टन बदलला का पुन्हा कामाले तयार. म्हणून तिचा भाव पडत नाई." मोठ्या घरचा नसलो तरी जावई मीच होतो. ताकाची वाटी तोंडाला लावली.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, आणि ते मापात लागतं. मामांचं माप म्हणजे आचमनाची पळी. केशवाय नमः, नारायणाय नमः म्हणत ते टाकीत ऑइल सोडत. पळी घासून पुसून परत पंचपात्रात. मग एखाद्या यजमानानं तीर्थ नाकाशी नेऊन "महाराज, वास कायचा येऊन राहिला?" असं विचारलं, की मामा गंभीरपणे "कापूर" म्हणत. मामींच्या संतापाला पारावार नसे. "देवाले तरी सोडा!" हे वाक्य त्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा ऐकू येई.

मग मामांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी केली. ही गाडी किकशिवाय सुरू होत नाही. मामींनी सांगून टाकलं, "दसऱ्याच्या आत गाडी विका. अंगणात ती दिसली का तुमी एक ना एक दिवस पाय टाकसानच." मामांनी कधी नव्हे तो शब्द दिला, आणि बिचारे कात्रीत सापडले. गाडी चांगल्या भावानं गेली, तर जन्मभर सांगितलेलं खरं ठरणार, पण गाडी जाणार. कुणी विचारलीच नाही, तर गाडी राहणार, पण सगळ्या अमरावतीपुढे नाक कापलं जाणार. मला रोज फोन. "जवाईबापू, कोणी गिऱ्हाईक हाय काय?" मी नाही म्हटलं की आधी सुस्कारा, मग लगेच, "काहून नाई? लोकाईले अक्कल नाई काय?"

शेवटी गिऱ्हाईक आलं. हिवरखेडचे एक संत्र्याच्या बागेचे मालक. मी त्या दिवशी अमरावतीतच होतो. मामा ओसरीतल्या खाटेवर पाय लांब करून बसले होते. त्या माणसानं एकच किक मारली. गाडी अशी काही ओरडली की समोरच्या ट्यूशन क्लासचा गणिताचा तास थांबला. तो खुशीत म्हणाला, "महाराज, तुमी म्हणसान तो भाव. घासाघीस नाई. अशी टू-स्ट्रोक आता भेटते कुठी?"

मी मामांकडे पाहिलं. अख्ख्या आयुष्याचा विजय दारात चालून आला होता. मामांनी गाडीकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "घेऊ नका."

"काहून?"

"टू-स्ट्रोकले रिसेल नाई, बावा. उद्या विकाले जासान तं कोणी दारात उभं करनार नाई. फोर-स्ट्रोक घ्या."

मी थक्क. या माणसानं तीर्थाच्या बाबतीत थापा मारल्या असतील, पण टू-स्ट्रोकच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मामी उंबऱ्यातच थांबल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी या विषयावरचं प्रवचन किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. त्यांनी ट्रे पाहुण्यापुढे ठेवला. "चहा घ्या भाऊ. गाडी विकाची नाई आमाले." मग मामांकडे न बघता आत गेल्या आणि एक जुनी पळी आणून खाटेवर टाकली. "हे ऑइलची. देवाच्या पळीले हात लावसान तं पाहा."

आता मी अमरावतीला गेलो की पाण्याच्या आधी फर्मान येतं, "जवाईबापू, किक." मी किक मारतो. मामा स्टँडवरच्या गाडीवर हलकेच बसतात, हँडल धरतात आणि कुठेही जात नाहीत. आतून मामी खोकतात, चिडतात, पण खिडकी काही लावत नाहीत.

परवा मी नवी मोटरसायकल घेतली. फोर-स्ट्रोकच. पूजा अर्थात मामांची. स्वस्तिक झालं, लिंबू झालं, नारळ फुटला. मी मनाची तयारी करून शापाची वाट बघत राहिलो. मामांनी टाकीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "विकू नका म्हंजे झालं."

मला थट्टा करायची होती हो, पण पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवून मी वाकून नमस्कार केला.