रामहरीचा दिग्दर्शक

भिगवणला हायवेच्या कडेला रामहरीचं मासळीचं हॉटेल आहे. गल्ल्यामागं देवाचा फोटो लहान आणि दिग्दर्शक ऋषिराजचा मोठा. या माणसापायी रामहरीनं निम्म्या भिगवणशी भांडण घेतलं होतं. पहिल्या सिनेमात ऋषिराजनं सासऱ्याला सुनेच्या पाया पडायला लावलं, दुसऱ्यात नवरीची एकटीचीच वरात काढली, तिसरा तर लोकांनी बंदच पाडला. चौथा खुद्द रामहरीलाही धड कळला नाही. पण गिऱ्हाइकाला कालवणाबरोबर तो त्याचा अर्थही वाढायचा. "खरं दाखवतो, म्हणून झोंबतंय तुमाला," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पाचव्या सिनेमाच्या वेळी देवच दारात आला. उजनीच्या पाण्याकडेला शूटिंगची जागा बघायला आलेला ऋषिराज हॉटेलात जेवायला बसला. चुलीपाशी रामहरीची थोरली बहीण जयवंता होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच राहते. तिच्या हातचा मासा खाऊन ऋषिराज रामहरीला म्हणाला, "इथली एखादी गोष्ट सांगा ना." रामहरीला आभाळ ठेंगणं झालं. काय सांगू नि काय नको असं होऊन, नेमकं सांगू नये तेच त्यानं हळू आवाजात सांगून टाकलं.

जयवंताचा नवरा उजनीत बुडून मेला होता. दहाव्याला घाटावर कावळा काही केल्या शिवेना. कुणीतरी म्हणालं, मयताच्या आवडीचं काहीतरी आणा. त्याची तंबाखूची पिशवी आणायला रामहरी बहिणीच्या घरी पळाला. बायका शेजारी स्वयंपाकाला गेलेल्या, दार लोटलेलं, आणि आत जयवंता चुलीपुढं एकटीच तळलेला चिलापी मासा खात बसलेली. भर सुतकात! तिनं भावाकडं बघितलं, भावानं पिशवी उचलली आणि आला तसा गेला. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नव्हते.

सिनेमा लागला तसा रामहरीनं चौकात फ्लेक्स लावला, सगळी गल्ली टेम्पोत घालून बारामतीला नेली आणि बहिणीला आपल्याशेजारी बसवलं. एवढा मोठा माणूस, नाव-गाव तर बदलणारच, अशी त्याची समजूत. नाव-गाव बदललंही होतं. पिशवी तेवढी तशीच होती.

पडद्यावर कावळा शिवेना आणि एक माणूस तंबाखूच्या पिशवीसाठी धावत सुटला, तेव्हा मागच्या रांगेत झुंबरतात्या खाकरले. त्या दिवशी ते घाटावर होते. मग पडद्यावरची विधवा मासा खाता खाता खदाखदा हसली आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या. भिगवणची माणसं मात्र चिडीचूप. रामहरीचे लाजेनं कान तापले. बहिणीची अब्रू आपण आपल्या हातानं चव्हाट्यावर मांडली होती, वर बघायला गाव गोळा करून आणलं होतं. ऋषिराजचा सिनेमा कुणीतरी उठून बंद पाडावा, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

बाहेर आल्यावर कुणी विषयच काढला नाही. "बरा हाय पिच्चर," एवढंच म्हणून झुंबरतात्या टेम्पोत चढले. तेवढ्यानंही रामहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयवंता टेम्पोमागं बाजूला उभी होती. तो तिच्यापुढं जाऊन थांबला.

"आक्का, चुकलं माझं. मासा खाल्लेला सांगाया नको हुता मी."

"मासा खाल्ला ते खरंच हाय," जयवंता म्हणाली. "इतकी वर्सं त्या घरात मधला तुकडा कधी माझ्या ताटात पडला न्हाय, म्हणून खाल्ला. हसले मातर न्हवते." मग तिनं विचारलं, "पर नवरा मला मारायचा, ते न्हाय सांगितलंस व्हय त्या पिच्चरवाल्याला?"

"न्हाय," रामहरी खाली बघत म्हणाला.

"कसं सांगशील? मार खाऊन मी माहेरी आले, की दुसऱ्या दिवशी मला माघारी कोण नेऊन घालायचं, ते बी सांगावं लागलं असतं."