धाकटीनं पाठवलेला माणूस

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला वाटायला लागलं, की सासरची माणसं तिच्या जेवणात काहीतरी कालवतात. त्यांनी तिला कळमनुरीला आमच्या घरी आणून सोडलं, ते कायमचंच. आई होती तोवर आईनं तिचं केलं. आई गेल्यावर सगळं माझ्या धाकट्या बहिणीवर आलं. धाकटीनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर ती चहा ठेवायला उठते.

मी हिंगोलीत मास्तर होतो. रविवारी सामान आणि गोळ्या घेऊन जायचो. अक्काच्या लेखी मी तिचा भाऊ नव्हतोच. खऱ्या भावाला कुणीतरी नेलंय आणि त्याच्यासारखा दिसणारा माणूस घरात धाडलाय, अशी तिची खात्री होती. तिच्याशी वाद घालू नका, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तरी दर वेळी घालायचोच. सख्खी बहीण ओळख देत नाही, हे मला सोसायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाकटीचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. माझी बायको तिच्यासोबत नांदेडला गेली आणि मी अक्कापाशी राहिलो.

वरण-भात केला. धाकटी करते तसा आधी स्वतः घास खाऊन दाखवला. अक्कानं ताट सरकवलं.

"माझ्या भावाचं काय केलं तुमी?" तिनं विचारलं.

लहानपणी तिच्याच कडेवरून पडून माझ्या गुडघ्याला खोक पडली होती. मी पायजमा वर करून तो वण तिला दाखवला. तिनं वाकून नीट पाहिलं.

"खूणबी बराबर केली," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

ती फक्त नळाचं पाणी पीत होती. गोळ्याही चुकल्या. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी हळू आवाजात उत्तरं द्यायला लागली. मला भीती वाटली. फोनवर धाकटीला खरं सांगितलं, तर ती टाके ओले असताना घरी यायला निघाली. बायकोनं तिला कसंबसं थांबवलं.

त्या दुपारी मी पुन्हा ताट वाढलं. अक्कानं आता विचारलं, तुमी कोन. माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

"मी धाकटीनं पाठवलेला माणूस," मी म्हणालो. "जेवण द्यायला आलोय."

तिनं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "मंग तसं सांगायचं न्हाई का?"

मला एक घास खायला लावून ती जेवली. गोळ्याही घेतल्या. हात धुताना सहज बोलावं तसं ती तिच्या भावाबद्दल सांगायला लागली. तो लई भित्रा, अंधारात माझा पदर धरून चालायचा, म्हणाली. मी मान खाली घालून भांडी गोळा केली.

धाकटी घरी आली तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. अक्का जेवली याचं तिला बरं वाटेल, असा माझा समज होता. ती भिंतीला टेकून रडली.

"दादा, तिनं तुला कधीतरी ओळखलं असतं," ती म्हणाली. "आता तूच न्हाई म्हणून बसलास."

आता धाकटीला जड उचलवत नाही, म्हणून मी आठवड्यातले निम्मे दिवस कळमनुरीला असतो. अक्का माझ्या हातचं खाते. मला 'ओ भाऊसाहेब' म्हणून हाक मारते, जशी कुणाही परक्याला मारावी. तिनं हाक मारली की धाकटी तेवढ्यापुरती खोलीबाहेर जाते.