पाण्यालगतची खोली

मुलगा आम्हाला पुन्हा त्याच सफरीला पाठवतोय, म्हणून बेसमेंटमधून मोठी बॅग वर आणली. उघडताच जहाजावरच्या लिंबाच्या साबणाचा वास आला. उरलेल्या वड्या सुनंदाने तेव्हा बॅगेत टाकल्या होत्या. बाहेर नेपरव्हिलचा बर्फ पडत होता. मी दमून तिथेच बसलो.

पहिल्या वेळी डॅन्यूबची ती सफर मी ठरवली होती. एजंटशी महिनाभर हुज्जत घालून दोन खोल्यांपैकी एकीला बाल्कनी मिळवली. सुनंदाने ती परस्पर आपल्या बहिणीला आणि साडूंना देऊन टाकली.

"थोरल्या जावयाचा मान असतो, अहो."

आमच्या वाट्याला सगळ्यात खालची खोली आली. छताजवळ हातभर काच, आणि काचेला लागून पाणी.

व्हिएन्ना सुटलं त्या संध्याकाळी वरच्या बाल्कनीतून साडूंचं गडगडाटी हसणं ऐकू येत होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. सुनंदा पलंगावर चढून काचेला नाक लावून उभी होती.

"अहो, उठा ना! हंस आलाय, अगदी डोळ्यांसमोर पोहतोय."

"साडूंना बोलव. पहिला मान त्यांचा."

ती हसली. मी वळलो नाही.

आज मी उघड्या बॅगेपाशी बसलो होतो, तेवढ्यात चँडलरहून मुलाचा फोन आला. "बाबा, धिस टाइम बाल्कनीच बुक करतोय."

"नको रे," सुनंदा मागून म्हणाली, "खालचीच घे. वरून हंस एवढासा दिसतो."

साडूंवरचा राग अजून आहे, पण भांडायला आता दम उरत नाही.

"तुझे गुडघे बघ. पलंगावर चढवणार कोण तुला?"

"तुम्हीच. आणि मग भिंतीकडे तोंड करायचं नाही."