लाटा मोजायला मिळालेली जागा

लाटांपासून वीज करायची तर आधी लाटा मोजाव्या लागतात. त्यासाठी समुद्रात एक पिवळा बोया नांगरून ठेवतात आणि तो वर्षभर वर-खाली होत राहतो. तो कुठे ठेवायचा हे शोधणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. ऑफिस मांडवीत, घरापासून चालत. ऑफिस म्हणजे एक खोली आणि मी. पावसाळ्याआधी बोया पाण्यात पडला नाही तर ते बंद करून मला पुण्याला बोलावणार होते. पुण्याच्या ऑफिसात सगळे एकाच मोठ्या टेबलाभोवती बसतात आणि दिवसभर बोलतात. मला जायचं नव्हतं.

पुण्याच्या सरांनी नकाशावर जागा काढली ती आरे-वारेच्या पुढच्या एका गावासमोर. पाणी पुरेसं खोल, लाटा भरपूर. मी किनाऱ्यावर बसून पाहिलं होतं, दोन खडकांमधली ती एकच वाट होती जिथून गावातल्या होड्या ये-जा करायच्या. तसं सरांना सांगितलं.

"गाव हो म्हणालं की झालं," ते म्हणाले.

गाव म्हणालं, देवाला विचारू.

म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याआधी गाऱ्हाणं घालून देवाला सगळी हकीकत सांगावी लागते.

देऊळ भरलं होतं. सरही पुण्याहून आले होते. म्हातारे गुरव माझ्याकडे वळले. "यंत्र कसला ता मला नाय ठाव. मी देवाला काय सांगू? बाय, तूच सांग."

"प्रेझेंटेशन समज," सर कुजबुजले.

इंग्रजी शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी माझा घसा दरवर्षी नेमका बसायचा. देवळात त्या दिवशी बसला नाही.

"देवा, समुद्राच्या लाटांमध्ये ऊर्जा असते."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळं गाव एका दमात गरजलं.

मी दचकले. बायका हसल्या. माझ्या म्हणण्याला इतक्या मोठ्याने कुणी कधी दुजोरा दिला नव्हता.

"ती मोजायला आम्हाला बोया टाकायचा आहे. त्यावर सौर पॅनेल आहे."

"व्हय म्हाराजा!"

"तो उपग्रहावरून आकडे पाठवतो."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सरही त्यात होते.

"आनि?" गुरव म्हणाले. "देवासमोर अर्धा ठेवायचा नाय हां."

पर्समधली ऑफिसची किल्ली मी उगाच चाचपली.

"आणि तो होड्यांच्या वाटेत येतो."

या वेळी 'व्हय म्हाराजा'ऐवजी मागून एक बाई म्हणाली, "मग आमच्या होड्या काय उडत जायच्या?"

डावी कळी पडली.

"परत घेता येईल का?" सरांनी विचारलं. "एका रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत."

"घेऊ की. देवाला कसली घाई?"

पुन्हा डावी. सरांनी मान हलवली, मोजमाप जुळल्यासारखी. "मग कुठे ठेवू, ते विचारा."

"देव पत्ता सांगत नाय सायब. व्हय की नाय, येवढाच."

सरांनी मांडी घातली आणि समईजवळ लॅपटॉप उघडला. उत्तरेला? डावी. दक्षिणेला? उजवी. त्या पट्ट्यात बाहेरच्या अंगाला? डावी. किनाऱ्याकडे? उजवी. सर दर वेळी नकाशातला पट्टा निम्मा करत होते, आणि कळ्या संपल्या तशा बायका बाहेरून आणखी खुडून आणत होत्या. शेवटी देवाने बोट ठेवलं ते डोंगराच्या आडोशाला. तिथे होड्या जात नाहीत, कारण मासे नाहीत. लाटाही नाहीत. पाणी तळ्यासारखं. हे सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही.

सरांनी लॅपटॉप मिटला. गावाची संमती नसेल तर बोया नाही आणि पावसाळा तर तोंडावर आलेला. "तुलनेसाठी शांत पाण्याचे आकडेही लागतातच," ते म्हणाले.

"लागतात ना," गुरव म्हणाले आणि प्रसाद वाटायला उठले.

बोया तिथेच पडला. महिन्याच्या महिन्याला मी अहवाल पाठवते. लाटा: जवळजवळ नाहीत. एकदा आलेखातली रेघ वर उडाली होती. जाऊन पाहिलं तर दोन पाणकावळे बोयावर जागेसाठी भांडत होते. गावातल्या बायका मला बघून ओरडतात, "काय गो, निजलाय काय तुझा बोया?"

"निजलाय," मी ओरडून सांगते.

ऑफिस अजून मांडवीत आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. इतके स्वच्छ, सलग आकडे दुसऱ्या कुठल्याच किनाऱ्यावरून आलेले नाहीत, वरचे लोक खूश आहेत, अशीच आणखी एक जागा शोध.

मी गुरवांना फोन लावला.