तोरण मी केलं, नाव सासूबाईंचं लागलं

ताई लोकं, आज मी घाबरून खोटं बोलले.

सकाळी लोणखेड्याच्या कॉलेजातली एक मॅडम वही घेऊन दारात आली. म्हणे, "मण्यांची तोरणं तुम्हीच करता ना?"

मला वाटलं सर्व्हेवाली आली. कमाई लिहून घेतली तर रेशनकार्ड जाईल, मग पोरीला काय खाऊ घालू? मी हातातलं तोरण खाटेखाली ढकललं. म्हटलं, "मी नाही, सासूबाई करतात."

सासूबाईंनी सांभाळून घेतलं. म्हणाल्या, "मागे बी एक साहेब येल व्हता. नुसता तोरणना फोटू काढी गया. कोन करस, ते इचारं बी नई."

मॅडम हसली. "खरंय आजी. आधी आमचे अभ्यास करणारे लोक नक्षीवरच लिहायचे. मग बाजारात काय चालतं त्यावर. आता करणारीवर लिहितो. ती किती तास बसते, तेव्हा लेकरू कोण बघतं."

तिने सासूबाईंचं नाव लिहिलं आणि गेली.

सासूबाई मला म्हणाल्या, "तोरण तू करं, नाव मन्हं लिखाडं?"

मॅडम उद्या पुढच्या गल्लीत येणार आहे. जाऊन खरं सांगावं वाटतंय, पण कार्डाची भीती वाटते.

तुमच्यापैकी कोणी अशा वहीत नाव दिलंय का? कार्डाला काही झालं नाही ना?