सायकल कुणाच्या दारात

त्या दिवशी सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले होते. आई नेहमीसारखी उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी आत पदर खोचत होते, तेवढ्यात बाहेर सायकलचं स्टँड लावल्याचा आवाज आला. तो आवाज आमच्या घरात सगळ्यांना ओळखीचा. उंच, काळी सायकल आणि मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा. आईनं मान वर न करताच विचारलं, "कोण बसलं गं भाईर आज?" मी दारात आले तर सायकल साहेबांचीच होती, पण ती घेऊन आला होता मिशनच्या दवाखान्यातला शिपाई. त्याच्याकडे बघितल्यावर त्याला काही सांगावं लागलं नाही... यान साहेब रात्री झोपेतच गेले होते. मारिया सिस्टरनी, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, सायकल आमच्याकडे पाठवली होती. "ती तिथंच असू दे," असा निरोप होता. आईनं हातातलं तेंदूचं पान खाली ठेवलं आणि बराच वेळ दुसरं उचललंच नाही.

याला आता सहा-सात आठवडे झाले. सोलापुरात हॉलंडचा एक म्हातारा फुटबॉल शिकवायचा, एवढं पुष्कळांना ठाऊक आहे. तो कोण होता, ते थोडं सांगावंसं वाटतं.

साहेब इकडे आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, बहिणीकडे एक हिवाळा काढायला. तिकडे त्यांचं सारं आयुष्य संघ सांभाळण्यात गेलं होतं. समुद्रकाठच्या एका लहान गावाचा संघ त्यांनी वर आणला, मग मोठ्या शहरांतून बोलावणी आली, नाव झालं. आणि मग एका सकाळी घरी कॉफी पिताना त्यांना वर्तमानपत्रात वाचायला मिळालं की आपल्याला संघानं काढून टाकलं आहे. कुणी घरी येऊन सांगितलं नाही, टेलिफोन केला नाही. बायको आधीच वारली होती. ते इथं आले ते असे, एक बॅग आणि पायात जाड बूट घेऊन. दवाखान्याच्या कुंपणातून त्यांना गिरणीची पोरं मैदानावर खेळताना दिसली. आठवडाभर ते नुसते बघत उभे राहिले, मग आत शिरले. पोरं एवढी का हसतायत ते त्यांना कळलं नाही, आणि ते एवढे का ओरडतायत ते पोरांना.

मी मारिया सिस्टरना मराठी शिकवायला जात असे, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, लग्न न झालेली बाई, पंधरा पुरुषांच्या मैदानावर छत्री धरून उभी! गल्लीत काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. जिभेला हाड नसतं. पण संघात माझा धाकटा भाऊ नरसू होता, त्यामुळे आईनं जाऊ दिलं. साहेबांचं इंग्रजीही घशातून यायचं, निम्मं मला कळायचं, उरलेलं मी त्यांच्या हातांवरून ओळखायची. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच कळली. हा माणूस कधी चेंडूकडे बघत नसे. चेंडू डावीकडे असला की त्यांची नजर उजवीकडे. ज्याच्याकडे चेंडू नाही तो काय करतोय ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्याकडे सगळं गाव बघतच असतं.

त्यांची एक पद्धत होती. उद्याच्या सामन्यात ज्याला बाहेर बसवायचं त्याला ते आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगत. फळ्यावर नाव लावणं नाही की दुसऱ्याकडून निरोप नाही. ते सायकल हातात धरून चालणार आणि मी बाजूनं. पहिल्यांदा आम्ही उस्मानकडे गेलो, त्याचे वडील टांगा चालवत. गोरा साहेब आपल्या दारात आला म्हटल्यावर त्या बोळात जत्रा भरली. सरबत आलं, कुणीतरी धावत जाऊन हार आणला. साहेब गळ्यात हार घालून खाटेवर बसलेले, भिंतीवर पोरं चढलेली, आणि मला सांगायचं होतं की उस्मान उद्या खेळत नाही. मी सांगितलं. भिंतीवरची पोरं एकेक करून खाली उतरली. मग उस्मानची आई म्हणाली, "ये बोलने कू आए क्या? खाना तो खाके जाव." साहेब जेवले. हार काढायचं त्यांना सुचलं नाही, तसेच परत निघाले.

त्यानंतर मात्र सगळ्यांना कळलं. सायकल दारात लागली की पोरगं बाहेर. सामन्याच्या आदल्या दिवशी आया लहान पोरांना नाक्यावर पाठवत, साहेबांची सायकल कुठं वळली बघून ये म्हणून. एकानं तर बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि आत गप्प बसला. साहेब पायरीवर बसून राहिले. शेवटी आतून त्यालाच खोकला आला.

आता खरं सांगायचं ते सांगते. गिरणीच्या संघातली बरीच पोरं बदली कामगार होती. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर आत घेतील, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. वडील गेल्यापासून नरसू असाच उभा राहत होता. संघ त्या वर्षी पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला आणि गिरणीचे मॅनेजर खूश होऊन मैदानावर आले. चषक आणा, म्हणाले, अंतिम सामन्यात जो जो खेळेल त्याला कायम करून टाकतो. पोरांनी टोप्या उडवल्या. मी साहेबांना भाषांतर करून सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. संघात चौदा जण होते. अकरा खेळणार, दोन बदलता येणार. एकजण राहणारच.

साहेब मला घेऊन ऑफिसात गेले. इथवर चौदाही जण खेळून आलेत, चौदाही जणांना करा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. मॅनेजर हसले. "साहेब, तुम्ही माणसं निवडा, बाकीचं आमच्यावर सोडा." बाहेर आल्यावर साहेब गेटजवळच्या लिंबाखाली बराच वेळ उभे होते. सामन्यासाठी कुणाला वगळायचं ते मला कळतं, असं म्हणाले, पण हे असलं मला कुणी शिकवलेलं नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही निघालो. नावं त्यांनी मला सांगितली नव्हती, मीही विचारली नाहीत. आधी बार्शीकडच्या महादूची खोली, मग गुरुसिद्धचं घर. दोघांनाही साहेबांनी सांगितलं की उद्या सुरुवातीला तू बाहेर आहेस, पण उत्तरार्धात तुला उतरवणार, काही झालं तरी. गुरुसिद्धच्या आईनं साहेबांचे पायच धरले. नवी पेठेतून परत येताना मी सायकलच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. आता साहेब सात रस्त्याकडे वळतील, मी मनाशी म्हणत होते, तिकडे अजून दोन-तीन पोरं राहतात. सायकल आमच्या गल्लीत वळली. मला घरी सोडायला येत असतील, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या दाराशी त्यांनी स्टँड लावलं...

नरसू भिंतीला टेकून बसला होता. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा दुखावला होता, त्यावर आंबेहळदीचा लेप होता. आम्हाला बघताच त्यानं लुंगी खाली ओढली. साहेब पायरीवर बसले आणि बोलले. मी गप्प. ते पुन्हा तेच बोलले. आमच्या घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण त्या दिवशी ते मला घरच्या भाषेत सांगता येईना. मी मराठीत सांगितलं, परक्या माणसाला सांगावं तसं. उद्या तू खेळणार नाहीस. उत्तरार्धातही नाही.

नरसूही मराठीतच बोलला. "एक मिनिट उतरवा म्हणावं. शेवटचं एक मिनिट. नुसता उभा ऱ्हातो, पळत न्हाई."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब उठले, त्याच्याजवळ गेले, लुंगी बाजूला केली आणि गुडघ्यावर अंगठा दाबला. नरसूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज आला नाही. तो पळेल, साहेब मला म्हणाले. आत पाऊल टाकलं की तो पळणारच, मीही त्याच्या वयात असंच सांगितलं असतं आणि पळालो असतो. मग हा गुडघा संपला. कायमची नोकरी घेऊन मागावर आठ तास उभं कोण राहणार? हे मला माझ्या भावाला सांगायचं होतं. मी सांगितलं, आणि मग दुभाषी म्हणून नाही, माझी मी विचारलं की गुडघा धड असता तर? तर तो पहिल्या अकरात असता, साहेब म्हणाले, आणि मी या दारात आलो नसतो.

आईला यातलं अर्धंच कळलं होतं. ती मला म्हणाली, "ह्याला च्या द्यायचा का न्हाय?" मग तीच उठली. "दारात आलेला माणूस हाय," म्हणाली, आणि चुलीकडे गेली. साहेबांनी तो चहा घेतला. मला त्यांचा इतका राग आला होता की तो कप मी दोनदा घासला.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या दोरीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. समोरचा संघ बाहेरगावचा आणि तगडा होता. पूर्वार्धात उस्माननं गोल केला आणि अर्धं सोलापूर नाचलं. उत्तरार्ध सुरू होताच साहेबांनी दोन खेळाडू बाहेर बोलावले आणि महादू, गुरुसिद्ध आत गेले. लोक खवळले. जिंकत असलेला संघ कोण बदलतं? म्हाताऱ्याला वेड लागलं, असं माझ्या मागे कुणीतरी ओरडलं. आणि काही वेळानं उस्मान खाली पडला. मांडीचा स्नायू असा धरला की त्याला उचलूनच आणावं लागलं. बदलायला आता कुणी नव्हतं, दहा जणांनी खेळायचं. या दोन बदलांपायी चषक गेला तर तेरा जणांतला एकही कायम होणार नव्हता, हे मैदानात सगळ्यांना ठाऊक होतं.

चेंडू आमच्याच बाजूला येऊन आदळत होता. एकदा खांबाला लागून परतला, एकदा महादूनं रेषेवरून काढला. मला बघवेना म्हणून मी साहेबांकडे बघितलं. नरसू त्यांच्याशेजारी उभा होता, त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या. साहेबांनी त्याचं मनगट धरलं होतं, घट्ट. शिट्टी होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि सगळा वेळ ते चेंडूकडे नाही, नरसूकडे बघत होते...

आम्ही जिंकलो. मॅनेजरांनी शब्द पाळला, तेराजण कायम झाले. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा नरसू लंगडत गेटवर जाऊन उभा राहिला. माझ्याशी त्यानं बोलणं टाकलं, पाणी हवं असलं तरी आईकडे मागे. आणि त्याच संध्याकाळी आमच्या दारात सायकल लागली. शेजारीण म्हणाली, आता ह्यो कशाला आला, म्याच तर झाली की. साहेबांनी दवाखान्यातून पट्ट्या आणि तेल आणलं होतं. ते जमिनीवर बसले, नरसूचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ते रोज यायला लागले. मी आत वह्या तपासत बसे आणि बाहेर दोघंही गप्प. किती आठवडे हे चाललं ते आठवत नाही, पण एका संध्याकाळी बाहेरून नरसूचं हसणं ऐकू आलं. मग एकेक मराठी शब्द, एकेक इंग्रजी. पुढे तो साहेबांबरोबर घरोघरी जायला लागला. माझं दुभाष्याचं काम गेलं. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं.

गुडघा वाचला. नरसूचा नंबर लागायला आणखी दोन वर्षं गेली, पण तोही कायम झाला, आज मागावर उभा असतो. साहेब बरोबर होते की नाही, यावर तो कधीच काही बोलला नाही. मीही नाही. मधल्या काळात हॉलंडचा संघ जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात हरला, तेव्हा मी साहेबांना विचारलं होतं की तुम्हाला वाईट वाटत असेल. हो, म्हणाले, पण बाहेर बसले होते त्या पोरांची नावं कुणी छापली नाहीत.

त्यांना दवाखान्याच्या आवारातच पुरलं. संघ आता नरसू बघतो. गेल्या आठवड्यात सामना होता. आदल्या संध्याकाळी त्यानं सायकल बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि मला म्हणाला, "अक्का, येतीस का?" दुभाष्याची त्याला काही गरज नव्हती. मी पायात चपला घातल्या. सात रस्त्याच्या मागे एका घरासमोर त्यानं स्टँड लावलं. आतून त्या पोराची आई आली, तिनं सायकल बघितली आणि पदर तोंडाला लावला. नरसू पायरीवर बसला. पोराला समोर बसवून त्यानं सगळं नीट सांगितलं, मान खाली न घालता. चहा आला, तो आम्ही घेतला.

परतताना तो सायकल हातात धरून चालत होता आणि मी बाजूनं. आमची गल्ली आली तसा तो थांबला आणि आमच्या घरच्या भाषेत म्हणाला,

"अक्का, त्या दिवशी मी पळालो असतो."