घाम फुटणारा बाक

क्रिओसोटचे डाग आणि आमच्या कट्ट्यावरचे किस्से सारखेच. एक पुसायला जावं, तर शेजारी दुसरा उमटतो!

सुरुवात माझ्याच हौसेची. कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांत मुरवत, म्हणजे वाळवी लागत नाही, असं कुठंतरी वाचलं. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या नानांना गाठून जुने स्लीपर मिळवले आणि जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरापुढं बाक ठोकून घेतला. "याच्याजवळ वाळवी फिरकणार नाही," मी बायकोला ऐटीत सांगितलं.

सुमननं पदर नाकाला लावला. "माणूसही नाही!"

माणसं आली. मे महिनाही आला. जळगावच्या उन्हात बाकाला काळा घाम फुटला. आमच्या कट्ट्यावरचे आबा मास्तर त्यावर घटकाभर टेकून तसेच पारोळ्याला गेले, मुलासाठी मुलगी बघायला. पांढऱ्या लेंग्यावर मागं दोन काळे रूळ! निघताना मुलीच्या वडिलांनी अदबीनं विचारलं, "आपण रेल्वेत होता का?"

माझ्या पँटवरचा डाग मी रॉकेल लावून घासला. तळहाताएवढा होता, ताटाएवढा झाला. सुमन म्हणाली, "लेखकाला थोडक्यात आवरणं कधी जमलंय!"

एकदा मी ज्ञान पाजळलं : लाकडापासून काढलेलं क्रिओसोट निराळं, ते पूर्वी खोकल्याच्या औषधात घालत. नानांना नेमकी ढास लागली होती. "मंग काय, बाक चाटू?"

सुमन मात्र बाकाच्या उजव्या टोकाला जुनी गोधडी चौपदरी घालून बसायची. तिच्या साडीला कधी डाग लागला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. गोधडी तिथंच राहिली.

यंदा मेमध्ये मुलगा आला, नीलेश. "पप्पा, हे तेल विषारी असतं. बाक काढून टाकू." खरंच होतं. त्याला ही माहिती फोनवर मीच दिली होती, ऐटीत! त्यानं सुतार बोलावला.

सुतार आला तेव्हा नाना, आबा आणि मी वर्तमानपत्रं घालून, तरीही चिकटून, बसलो होतो. उन्हानं दमलेल्या त्या माणसानं हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि तो गोधडीवर टेकायला वाकला.

"ओ भाऊ, तठे नको बसू!" नाना ओरडले. "डाग लागी!"

सुतारानं त्या एकुलत्या एका कोरड्या जागेकडं पाहिलं. मग आमच्या कपड्यांकडं. उभाच राहिला.

दारात उभा असलेला नीलेश घरात गेला. वर्तमानपत्र घेऊन बाहेर आला.

"आबा, जरा सरका," म्हणाला आणि नव्या पँटनिशी आमच्यात बसला.